बाराव्या ओळीतली टिक

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझी कीव करायला नको. चूक माझी आहे. फॉर्म मी बनवला, मीच भरला आणि पाठवायचं बटणही माझ्याच बोटानं दाबलं. कॉम्प्युटरच्या नावानं बोटं मोडायची सोय नाही.

कुरवंड्याच्या पुढं, कड्याच्या अगदी पायथ्याशी ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. मागच्या पावसाळ्याआधीच्या पावसाळ्यात वरून दरड सुटली. एक गोठा गेला, माणसं वाचली. मग एका संस्थेनं ठरवलं, वाडी खाली सडकेजवळ आणायची आणि जे खरोखर तिथं राहतात त्यांना घरटी एक खोली द्यायची. यादीच्या ऑनलाइन फॉर्मचं काम आमच्या लोणावळ्यातल्या चार टेबलांच्या ऑफिसला मिळालं. ऑफिस ओंकार सरांचं, काम माझं. मला मेलं नाही म्हणताच येत नाही.

फॉर्म अगदी साधा. एका ओळीत एक कुटुंब, आणि नावापुढं एक चौकोन: 'येथे राहत नाही'. चौकोनात टिक आली की घर नाही. आम्ही ज्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्यात काम करतो, त्यात असा चौकोन एकदाच बनवतात आणि हव्या तितक्या ओळींत वापरतात. फक्त प्रत्येक चौकोनाला सांगावं लागतं, की बाबा रे, तू अमक्या माणसाचा. तिथं रेशनकार्डाचा नंबर द्यायचा असतो. मी दिला ओळीचा नंबर. सर डोक्यावर बसले होते, "तेजल, झालं का? झालं का?" आणि चालत तर होतं छान. चालतंय म्हटल्यावर कोण कशाला आत डोकावतंय!

नोव्हेंबरात टॅब घेऊन मी वाडीवर गेले. वाडीतल्या वडीलधाऱ्या कान्हूआबांच्या अंगणात सगळे जमले. मी एकेक नाव मोठ्यानं वाचायची, आणि माणूस सोबतच्या कागदावर अंगठा द्यायचा. बारावं नाव सनीचं. तो चार वर्षं खोपोलीला, घराला कुलूप. "त्यो हितं न्हाई राहत," सगळे एकदमच म्हणाले. मी टिक केली. तेरावं नाव चिंगीमावशीचं. कान्हूआबांची धाकटी बहीण, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दोन शेळ्या आणि ती.

"माज्या नावाम्होरं खूण न्हाई ना केलीस, पोरी?" तिनं तीनदा विचारलं.

"नाही गं मावशी. तुझा चौकोन रिकामा. रिकामा म्हणजे घर."

मग कुठं तिनं अंगठा दिला आणि शाई पदराला पुसली.

मी निघणार, तेवढ्यात कान्हूआबा म्हणाले, "थांब जरा. माजं नाव दोनदा वाचलंस तू." खरंच की! रेशनकार्डावर कान्हू, मतदार यादीत कान्हा, म्हणून दहावी ओळ त्यांची आणि अकरावीही त्यांचीच. "मला दोन घरं कशाला? काड त्यातलं एक," ते म्हणाले. दुसरा कुणी असता तर मूग गिळून बसला असता. माझे सख्खे काका तर नक्कीच बसले असते. मी अकरावी ओळ उडवली आणि फॉर्म पाठवून दिला. यादी पुन्हा वरून खाली बघितली नाही.

ओळ उडाली तशी खालची नावं एकेक जागा वर सरकली. टिक मात्र जागची हलली नाही, कारण मी ती माणसाला बांधलीच नव्हती, ओळीला बांधली होती. सनी सरकून अकरावीत गेला, कोरा करकरीत. बाराव्या ओळीत आली चिंगीमावशी, आणि तिच्यापुढं टिक.

हे कळलं मे महिन्यात, चाव्या वाटल्या त्या दिवशी. तेरा खोल्या, तेरा चाव्या. सनीच्या नावाची चावी होती, मावशीच्या नावाची नव्हती. आबांचा फोन आला. लॅपटॉप उघडला, पाच मिनिटांत चूक सापडली, एका मिनिटात दुरुस्तही झाली. एका मिनिटात! त्या मिनिटाची इतकी चीड आली की मी ऑफिसातच रडले.

संस्थेच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे फॉर्म तुमचा चुकला. पण यादी मंजूर आहे, आणि तिच्यासोबत बाईंचा अंगठा आहे."

"अंगठा आधीचा आहे साहेब! चूक नंतरची आहे."

"ते कागदावर कुठं दिसतंय?"

नाही दिसत. मी माझी चूक लिहून, सही करून दिली. त्यांनी त्यावर आवकचा शिक्का मारला. पुढच्या टप्प्यात बघू म्हणाले. पुढचा टप्पा कधी, तर सध्या तरी नाही. ओंकार सरांचं म्हणणं, "आता फॉर्म नीट चालतोय ना? मग सोड." सनीला फोन केला. तो काही वाईट माणूस नाही. "ताई, मी कुटं मागितलं? माजं नाव आलं. आता बायकोनं सामानबी टाकलंय," म्हणाला. त्याला तरी काय बोलणार?

मावशी खाली भावाच्या नव्या खोलीत राहायला गेली होती. एका खोलीत नऊ माणसं, शेळ्यांना जागा नाही. चौथ्या दिवशी ती पुन्हा वर गेली. आबा तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. एकदाच बोलले. "म्या गप बसलो असतो तर?" म्हणाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी वर गेले. वाडी रिकामी झाली म्हणून विजेची तार काढून नेलेली. बाकीच्या घरांचे वासे आणि कौलंही ज्याची त्यानं उतरवलेली. मधोमध मावशीचं एकच घर उभं. मी पाया पडले, माफी मागितली, आणि म्हटलं, "निदान पावसाचे चार महिने कामशेतला माझ्याकडं चल. शेळ्याही आण."

"आनि मग? चार म्हयन्यांनी कुटं?"

तिनं वर कड्याकडं बघितलं.

"आगं, तुज्या यादीत मी हितं राहतच न्हाई. मग दरड आली तर पडंल कुनावर?"

असं म्हणून ती खरंच हसली, आणि शेळ्या आत घ्यायला उठली.