मोडलेलं अक्षर आन निळा ठिपका

मी चौकटीवरचा डबा बोलतोय. बोटभर लांब, पत्र्याचा. बुखाऱ्यात ज्यूंच्या गल्लीत पिनहास रंगाऱ्याच्या दाराला उजव्या अंगाला ठोकलंय मला. मेझुझा म्हणत्यात. पोटात कातड्याची गुंडाळी हाय, तिच्यावर देवाचं लिवलंय. मी कधी वाचलं न्हाई. येणारा-जाणारा मला बोट लावतो, आन ते बोट चुंबतो. मला त्याचं काय कवतिक न्हाई. मी बोटं वळखतो. लई बोटं खोटी असत्यात.

माझा जन्म चहाच्या डब्याच्या झाकणातनं. कापलं, वाकवलं, दोन भोकं पाडली, झालो मी पवित्र. इतक्या सस्त्यात पवित्र झालेल्यानं दुसऱ्यावर काय इस्वास ठेवावा?

पिनहासची बोटं निळी. नीळ रंगवणाऱ्याची मरेपर्यंत निळीच ऱ्हात्यात, पण वाळली की डाग पडत न्हाई. त्याची बायको बखमल दर शुक्रवारी दिवे लावायच्या आदी मला फडक्यानं पुसायची. दिवे लागले की शब्बाथ. मग शनवारी चांदण्या दिसेस्तवर कुणी कामाला हात लावायचा न्हाई.

गेल्या साली एका शुक्रवारी दिवे लागल्यावर पिनहास रंगाच्या खोलीकडनं आला आन मला बोट लावलं. वलं बोट. निळा ठिपका उठला माझ्यावर.

त्याच्या धाकट्या भावानं, मनाशेरनं, त्याला रंगाचं पिंप ढवळताना बघितलं हुतं. तो देवळात तसं बोलला. पिनहासनं सगळ्यांदेखत त्याला खोटारडा म्हणलं, माझ्या दारात पाय ठेवू नगंस म्हणलं. तवापासनं पिनहासचा एकच धोशा: आपल्या धर्माचं मूळ म्हंजे शब्बाथ. ज्याच्या तोंडी सारखं एकच, त्याचा मला संशय येतो.

मग बखमल तापानं पडली. तीन आठवडे झाले, ताप हटंना. लोक म्हणाले, मेझुझा उघडून बघा, आतलं अक्षर मोडलं असंल. पोथ्या लिहिणारा म्हातारा ओवाद्यो आला, मला उपसून घेतलं आन बखमलच्या बिछान्यापाशी बसून गुंडाळी सोडली. नाक लावून बघतोय, बघतोय. मग म्हणाला, "सापडलं. 'देव एक' मधल्या 'एक'च्या शेवटल्या अक्षराचा कोपरा वलीनं खाल्लाय. आपल्या लिपीत आता ते 'दुसरा' असं वाचलं जातंय."

पिनहासनं तोंडावर हात मारला. "म्हंजे मूळच गेलं की काका. तुमी सांगा, मूळ हेच न्हवं?"

"मरताना आपला माणूस 'देव एक' हेच म्हणतो. त्यावरनं तूच ठरव," ओवाद्यो म्हणाला.

"मग शब्बाथ?"

"तोबी."

"दोन मुळं कशी असतील?"

बखमल उशीवरनं बोलली, "काका, दुसरं अक्षर मोडलं असतं तर चाललं असतं?"

म्हाताऱ्यानं गुंडाळीवरनं बोट फिरवलं. मग म्हणाला, "न्हाई पोरी. कुठलंबी मोडलं तर अख्खी गुंडाळी बाद."

"मग मूळ कुठलं ते कसं ठरवायचं? जे आज मोडलंय तेच मूळ. तेच पयलं बघायचं."

मला हसू आलं. सगळी अक्षरं सारखी, तर हे शाणे कशावर भांडत्यात?

बखमलनं मला हातात घिऊन नवऱ्यापुढं धरलं. "हा ठिपका बघा. शनवारी सकाळी दिसला. वरीसभर मी बाकीचं पुसलं, येवढा सोडला. वाटलं, आज बोलाल, उद्या बोलाल."

पिनहासनं अंगठ्यानं ठिपका चाचपला. ओवाद्यो गुंडाळीत नाक घालून बसला, जणू त्याला काय ऐकूच गेलं न्हाई.

नवी गुंडाळी घालून मला परत ठोकलं. सांजच्याला पिनहास सवता गेला आन मनाशेरला घिऊन आला. मनाशेर उंबऱ्यापाशी थटला.

"दादा, आत येऊ का?"

"ये. पिंप मीच ढवळलं हुतं." जरा थांबून म्हणाला, "शनवारी देवळात तसंच सांगतो."

मनाशेरनं मला बोट लावलं, नेमकं ठिपक्यावर. कोरडं हुतं. मी नीट बघितलं.

बखमलचा ताप सहा दिसांनी उतरला. गुंडाळीनं, भावानं का डाळिंबाच्या रसानं, मला ठावं न्हाई. शनवारी पिनहास देवळात खरंच बोलला का, तेबी मी दाराशी, मला काय कळणार? पर मनाशेर आता दर शुक्रवारी जेवायला येतो.

मी म्हातारा झालोय, गंज धरलाय. येवढंच मागतो, मला कितीबी घासा, पर तो ठिपका ऱ्हाऊ द्या. आन मला बोट लावायच्या आदी ते वलं हाय का बघा. मी तर बघणारच.