कोब्यातले चार खळगे

सकाळी सात वाजायला दहा मिनिटे असताना ती येते. चपला दाराबाहेर काढून रबरी जोडे घालते, केस टोपीत कोंबते आणि माझ्यावर बसते. चष्मा काढून पदराने पुसते, पुन्हा लावते. मग समोरचा पांढरा दिवा लागतो. पहिली बाटली ती मानेला धरून हळूच उलटी करते. आधी ती पांढऱ्या पाटीसमोर धरायची, म्हणजे औषधात काळा कण असेल तर दिसतो. मग काळ्या पाटीसमोर धरायची, म्हणजे काचेची कपची असेल तर चमकते. दोन्हीकडे काही नसेल तर बाटली उजवीकडे जाते. काही दिसले तर डावीकडच्या लाल पेटीत. औषध लहान मुलांच्या तापाचे आहे. अशा दोन हजारांवर बाटल्या ती दिवसभरात पाहते आणि प्रत्येक बाटलीसाठी किंचित पुढे झुकते. तिच्याबरोबर मीही झुकतो.

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी स्टूल आहे. माझ्या बैठकीचा रंग उडाला आहे आणि एका पायाला जोड दिलेला आहे. पण मी मोडलेला नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. कारण माझ्याविषयी बरेच काही खोटे बोलले गेले आहे.

मला कारखान्यातल्या फिटरने घडवले. सगळे त्यांना काका म्हणतात. मोडक्या ढकलगाडीचे पाइप कापून त्यांनी माझे पाय केले आणि उरलेल्या पत्र्याची बैठक केली. "आठवडाभर चालेल, तोवर खुर्ची येईल," असे ते म्हणाले होते. खुर्ची आली नाही. त्याच आठवड्यात ती कामावर आली. तिलाही सांगितले होते, "सध्या तात्पुरतं आहे, बाई. पुढचं पुढे बघू."

त्याला नऊ वर्षे झाली.

कारखान्यातल्या प्रत्येक खुर्चीवर पांढऱ्या रंगात क्रमांक लिहिलेला असतो आणि वर्षातून एकदा कोणीतरी येऊन ते तपासून जाते. माझ्यावर क्रमांक नाही. त्यामुळे माझ्या पायांच्या रबरी टोप्या पहिल्याच वर्षी झिजल्या, तरी नव्या कोणी बसवल्या नाहीत. जे यादीत नाही त्याची दुरुस्ती कशी करणार? तीही यादीत नव्हती. ती माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून यायची. दर अकरा महिन्यांनी तिचे कार्ड काढून घेत आणि तिला आठ दिवस घरी बसवत. नवव्या दिवशी ठेकेदाराच्या नव्या नावाचे नवे कार्ड मिळे, आणि कागदावर ती पुन्हा नवखी होई. ठेकेदार मात्र तोच असायचा, तोच खोकणारा, तीच बॅग काखेत मारलेला. "नाव बदललं की माणूस बदलतो म्हणे," काका म्हणायचे, "याचा खोकला तेवढा बदलायचा राहिलाय."

त्या आठ दिवसांत बाटल्या येणे थांबत नसे. पॅकिंगमधली कोणीतरी माझ्यावर बसून वेळ मारून नेई आणि घड्याळाकडे बघत राही.

कौतुकाचा एक दिवसही आला होता. तिने नखाच्या टोकाएवढी काचेची कपची पकडली, मग तशाच आणखी तीन. बाटल्या भरण्याच्या यंत्रातली काचेची नळी तडकली होती. काम थांबवले गेले, मोठे साहेब स्वतः खाली आले. पुढच्या महिन्यात भिंतीवर प्रशस्तिपत्र लागले, त्यावर विभागाचे नाव होते. सगळे तिला 'दुर्बीणबाई' म्हणू लागले. ती हसायची आणि कामाला लागायची.

पण दुर्बिणीची काच झिजत होती. तीन वर्षांत चष्मा दोनदा बदलला. संध्याकाळी घरी गेल्यावर सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारावी लागते, असे ती एकदा काकांना म्हणाली. कायम नोकरीतल्या माणसाचे डोळे थकले, तर कंपनी त्याला हलके काम देते. तिचे थकले, तर पुढच्या आठ दिवसांनंतर नवे कार्डच येणार नव्हते. तिच्यासाठी सगळे काही एवढ्यावर अडले होते.

अशात नवा कायदा आला. जे काम वर्षभर चालते, ते करणारा माणूस कंपनीचाच धरला पाहिजे, असे त्यात लिहिले होते. कोणते काम वर्षभर चालते, ते पाहायला अधिकारी येणार होते. बातमी कळली त्या दिवशी तिने चष्मा चारदा पुसला.

दुसऱ्या दिवशी विभागाचे साहेब आले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"बाई, उद्यापासून चार दिवस लेबलच्या टेबलावर बसा. कोणी विचारलं तर सांगायचं, बाटल्या बघायचं काम ऑर्डर आली तरच असतं."

"आणि ऑर्डर कधी नसते, साहेब?"

"गेल्या वर्षी वीज गेली होती ना दोन तास," शेजारच्या यंत्रापाशी बसलेले काका पान्हा पुसत म्हणाले, "तेव्हा नव्हती."

"काका, तुम्ही मधे पडू नका. तुम्ही पर्मनंट आहात, तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही म्हणून तर बोलतोय. ज्याचं जातं त्याला कुठे बोलता येतं?"

काका गेल्यावर साहेब तिच्याजवळ आले. "हे बघा, माझं नेमणुकीचं पत्रही आता वर्षावर्षाचं झालंय. वरून जे सांगतात ते मी सांगतो. तुमच्या डोळ्यांचं मी वर काही बोललो नाहीये. तेवढं लक्षात ठेवा."

त्यात दया होती आणि धमकीही. तिने मान हलवली.

मग मला उचलले. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझे चारही पाय जमिनीवरून सुटले, आणि सगळे खाली पाहत राहिले. सिमेंटच्या कोब्यात चार वाटोळे खळगे पडले होते, अर्ध्या पेराएवढे खोल. प्रत्येक बाटलीसाठी तिचे ते पुढे झुकणे माझ्या उघड्या पाइपांनी जमिनीवर कोरून ठेवले होते.

साहेबांनी तातडीने गवंडी बोलावला. त्याने खळगे भरले, वरून थापी फिरवली. दोन दिवसांनी सिमेंट वाळले. तेलाने काळ्या पडलेल्या कोब्यावर आता चार पांढरीफेक वर्तुळे उमटली.

"झकास," काका म्हणाले. "आधी निदान वाकून बघावं लागत होतं. आता दारातूनच दिसतंय."

शेवटी त्या वर्तुळांवर खोके रचून ठेवले. मला कोठीत मोडक्या ढकलगाड्यांशेजारी टाकले आणि वर पाटी अडकवली, 'भंगार'. मित्रांनो, मी भंगार नाही. माझ्यावर उद्या दोन माणसे उभी राहिली तरी मी वाकणार नाही. माझी कीव करू नका, मला तेल नको आणि रंगही नको. एवढेच सांगतो, की जिथे रोज कोणी बसते, त्या जागेला रिकामी म्हणू नका. आणि जो रोज येतो, त्याला पाहुणा म्हणण्याआधी जमिनीकडे एकदा बघा.

अधिकारी यायच्या दिवशी सकाळी तिचा आवाज मला कोठीपर्यंत ऐकू आला.

"साहेब, कालपर्यंत पॅकिंगमधली बघत होती. आज बाटल्या कोण बघतंय?"

"आजचा दिवस जाऊ द्या हो."

"बाटल्या जाऊ द्यायच्या? न बघता?"

यंत्र चालूच होते. थोड्या वेळाने कोठीचे दार उघडले. तिने माझ्यावरची पाटी काढून कोपऱ्यात ठेवली आणि मला दोन्ही हातांनी उचलले. लेबलच्या टेबलाजवळून, पॅकिंगच्या बायकांसमोरून ती मला घेऊन चालत आली. एकीने वाटेतली ढकलगाडी बाजूला ओढली. जागेवर येऊन तिने मला खाली ठेवले आणि एकेक खोका उचलायला सुरुवात केली.

"बाई," साहेब धावत आले, "काय करताय? विचार करा."

"केलाय, साहेब."

एकच खोका उरला होता, तेवढ्यात अधिकारीबाई आत आल्या. मागे मोठे साहेब होते. अधिकारीबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग जमिनीवरच्या तीन पांढऱ्या वर्तुळांकडे.

"इथे काय असतं?"

मोठे साहेब म्हणाले, "काही नाही, कधीतरी, ऑर्डर असली की..."

"इथे मी बसते," ती म्हणाली. "रोज. नऊ वर्षं झाली."

अधिकारीबाईंनी वही उघडली. मोठ्या साहेबांनी विभागाच्या साहेबांकडे पाहिले. विभागाचे साहेब वाकले, उरलेला खोका स्वतः उचलला आणि भिंतीशी नेऊन ठेवला.

तिने माझे चार पाय चार वर्तुळांवर ठेवले आणि ती बसली. मी जरासुद्धा हललो नाही.