सूर्य पाठीला

माझ्या नवऱ्याला, गणूला, फोटो काढण्यातली एकच गोष्ट ठाऊक होती. सूर्य पाठीला ठेवायचा. पावसाळ्यात बोट बंद असली की तो नरपडच्या एका चिकूवाडीत कामाला जायचा. तिथल्या म्हाताऱ्या शेठने त्याला हा कॅमेरा दिला आणि देताना एवढाच धडा दिला. चंदेरी, खिशात मावेल एवढा, बटण दाबलं की घुर्र करून भिंग बाहेर काढणारा. गणूने तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात घातला तो कायमचाच. पुढे घरात मोबाइल आले, पण मोबाइलवरच्या फोटोला तो फोटो म्हणायला तयार नसायचा.

आमचा किनारा पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीला घेऊन समुद्राकडे तोंड केलं की आपलीच सावली लांबलचक होऊन पुढे पडते. त्यामुळे गणूच्या प्रत्येक फोटोत खालच्या बाजूला गणू आहेच. मी काठ्यांवर बोंबील वाळत घालतेय आणि माझ्या पायाशी त्याची सावली. त्याची आई चंद्रा मासळी निवडतेय आणि तिच्या लुगड्यावर सावलीचं डोकं. टोपी तिरकी, कॅमेरा दोन्ही हातांनी धरल्यामुळे दोन्ही कोपरं बाहेर आलेली.

"गणू, बाजूला हो ना! सावली येते तुझी," मी ओरडायची. मी त्याला नावानेच हाक मारायची. सासूला ते कधी पटलं नाही.

"येऊ दे," तो म्हणायचा. "फोटो काढणाऱ्याने फोटोत यायला नको काय?"

गेल्या वर्षी होळीनंतर तो बोटीवरून पडला. माझा दीर स्वप्निल त्याच बोटीवर होता. जाळं ओढायला पाठ फिरवली तेवढ्यात दादा गेला, म्हणतो. सगळ्या गावच्या बोटी गुजरातच्या हद्दीपर्यंत शोधून आल्या. समुद्राने टोपीसुद्धा परत दिली नाही. कॅमेरा तेवढा घरी राहिला होता, चार्जिंगला लावलेला.

माणूस सापडलाच नाही तर आमच्या घरात पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. सासू लवकरच मागे लागली.

"माझा पोर उपाशी फिरत असेल गो, कल्पिता. वाट मोकळी करून दे त्याची."

"आधी प्रेत दाखवा, मग पुतळा करा," मी तिला म्हणाले. पोटचा पोर गमावलेल्या आईला असं तोंडावर बोलले. मला राग आला होता. कुणाचा, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

दिवाळीनंतर बोंबील पुन्हा वाळत पडले. एका सकाळी मी कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर गेले. का गेले? त्याच्यासारखं उभं राहून बघावंसं वाटलं, एवढंच. सूर्य पाठीला घेतला, काठ्यांवर लटकलेल्या बोंबलांवर कॅमेरा धरला, बटण दाबलं. मग मागच्या छोट्या पडद्यावर फोटो बघितला.

खाली वाळूत दोन सावल्या होत्या. एक माझी, अंबाड्याची. जरा लांब डावीकडे दुसरी, टोपी तिरकी, कोपरं बाहेर.

मी वळून पाहिलं. मागे सुरूची झाडं आणि रिकामी वाळू. पुढे वाळूवर पाहिलं तर सावली एकटी माझीच. पडद्यावर मात्र दोन. मी घाबरले असेन असं तुम्हाला वाटेल. मी तिथेच वाळूत बसले आणि हसले. किती दिवसांनी हसले ते मला आठवत नाही.

मग मी रोज जायला लागले. खाऱ्या हवेने कॅमेऱ्याचं भिंग अडकायचं, घुर्र करून अर्ध्यावर थांबायचं. मी त्याला फुंकर मारायची, शिव्या घालायची, मग ते बाहेर यायचं. प्रत्येक फोटोत तो असायचा. "उशीर केलास आज," मी म्हणायची. "आमटीत मीठ जास्त पडलं, तुझी आई बोलली मला." सगळं सांगायची. आणि तो जवळ येत चालला होता. आधी लांब असलेली सावली माझ्या शेजारी आली, मग तिचा खांदा माझ्या सावलीच्या खांद्याला लागला. फोटोत तो उभा असायचा तिथली वाळू ओली दिसायची, कोरडी कधी नाहीच. ते मला दिसत होतं. मी तिकडे बघायचं टाळत होते.

पुतळ्याचा विषय निघाला की मी उठून जायची. त्याला अग्नी दिला की तो जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्याला जाऊ देणार नव्हते.

माझी मुलगी प्राजक्ता तलासरीला औषधांच्या दुकानात कामाला आहे. मागे ती सुट्टीवर घरी आली आणि तिने कॅमेरा बघितला.

"आई, बाबांचा कॅमेरा चालतो अजून? दे ना! माझ्या मैत्रिणी असले जुने कॅमेरे शोधत फिरतात. आता हीच फॅशन आहे."

मी नको म्हणेपर्यंत ती आजीला घेऊन किनाऱ्यावर पोचलीसुद्धा. आजीला बोंबलांपुढे उभं केलं. सूर्य पाठीला घेतला, बापाने शिकवलेलं विसरली नव्हती. मी धावत गेले तेव्हा ती पडद्याकडे बघत होती.

"आई, हा जुना फोटो वर कसा आला? बाबांनी काढलेला आहे हा."

मी बघितलं. सासूच्या अंगावर त्या दिवसाचंच हिरवं लुगडं होतं. फोटो आत्ताचा होता. वाळूत एकच सावली होती. टोपी तिरकी, कोपरं बाहेर.

माझ्या पोरीची सावली फोटोत नव्हतीच.

"पुन्हा काढ," मी म्हणाले. तिने पुन्हा काढला. पुन्हा तेच. ती उभी होती तिथे तो उभा होता, आणि भोवती ओली वाळू.

"आई," प्राजक्ता दंड चोळत म्हणाली, "इथे थंड वाऱ्यासारखं काय लागतंय गं? पाठीला कोणी चिकटून उभं असल्यासारखं."

मी तिच्या हातातून कॅमेरा हिसकावून घेतला. तिचे हात नुकत्याच बर्फातून काढलेल्या मासळीसारखे गार होते. भर उन्हात. तो माझा गणू होता, पोरीवर जीव टाकणारा. तो तिचं वाईट करणार नाही, असं मी मनाला सांगत होते. पण त्याला तरी कुठे कळत असेल आता, आपण कुठे उभे आहोत ते? मी ओढत आणलं होतं त्याला, रोज, पाऊल पाऊल.

त्याच दिवशी मी सासूसमोर जाऊन बसले. "करा पुतळा."

तिने हातातली मासळी खाली ठेवली. मग म्हणाली, "बोटीवर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे तुला लग्न होऊन आलीस तेव्हाच सांगितलं होतं मी. तू तर रोज मारतेस. डोळे गेले काय माझे? रोज सकाळी कोणाशी बोलतेस ते दिसत नाही काय मला?"

पुतळ्याला अग्नी दिला. दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला. सुरूच्या झाडांवर कावळे भरपूर होते, एरवी बोंबलांवर तुटून पडणारे. एकही खाली उतरेना. स्वप्निल हात जोडून म्हणाला, "दादा, बोट मी सांभाळेन." कावळे जागचे हलले नाहीत. सासू म्हणाली, "प्राजूचं लग्न थाटात करू, बाबा." नाही. प्राजक्ता रडत म्हणाली, "बाबा, मी आईला एकटं टाकणार नाही." तरी नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काय हवंय ते मला कळलं होतं. मघाशीच कळलं होतं, पण मी गप्प उभी होते. बोलले की संपलं.

"गणू," मी म्हणाले, "आता मी तुझा फोटो काढणार..."

"नाही" म्हणायच्या आत कावळा पिंडावर उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र असा संताप आला म्हणून सांगू! एवढी घाई? वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाहीस? इतके दिवस माझ्या शेजारी उभा होतास तो काय नाइलाजाने? मग रडू आलं ते थांबेना. प्राजक्ताने मला धरलं. तिचे हात गरम होते.

"चला," सासू म्हणाली. "आणि मागे वळून कोणी बघायचं नाही."

आम्ही घराकडे निघालो. घर पूर्वेला, त्यामुळे ऊन थेट तोंडावर आलं होतं आणि आमच्या सावल्या मागे वाळूवर पडल्या होत्या. किती होत्या, मी बघितलं नाही.