छातीवर ठेवण्याआधी

पाहणी

"नॉर्मल," ओपल म्हणाली.

ती रबरी पुतळ्यावर वाकली होती, कानात स्टेथोस्कोप. पुतळ्याच्या छातीतले यंत्र श्वासाचे आवाज काढत होते आणि ते ओळखणे हीच परीक्षा होती.

"पुन्हा ऐका," हॅचर मॅडम म्हणाल्या.

श्वास आत जाताना तळाशी बारीक चरचर. कानाजवळ केस चोळल्यासारखी. रोजच्या ओळखीची.

"नॉर्मलच आहे, मॅडम."

मॅडमनी बटण फिरवले. आता नुसता वारा आत गेला, बाहेर आला.

"आणि हा?"

"हा बिघडलाय. यात आवाजच नाही."

मागे उभ्या असलेल्या विशीतल्या मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

"घरी सराव कुणावर केलात?"

"नवऱ्यावर. कधी कधी दिरावर."

"काय करतात दोघं?"

"दीर कोळशाच्या खाणीत आहे. नवराही होता. पाठ गेली म्हणून आता घरी असतो."

मॅडमनी पेन खाली ठेवले. मग स्वतःच्या कोटाचे वरचे बटण काढून त्या खुर्चीत बसल्या.

"इथे ऐका."

ओपलने ऐकले. वारा आत गेला, बाहेर आला.

निदान

नर्सने रोगाचे नाव घ्यायचे नसते, ते काम डॉक्टरांचे, असे पहिल्या धड्यातच शिकवले होते. ओपलने ते फार पाळले.

घरी व्हर्जिल शर्ट उघडा टाकून टेबलाशी बसला होता. समोर बीन्स, मक्याचा ब्रेड आणि धाकटा भाऊ ड्यूई.

"या बाई, दुकान उघडंच आहे," व्हर्जिल म्हणाला. "पण आधी ते गरम कर. बेडूक बसल्यासारखं वाटतं छातीवर."

तिने स्टेथोस्कोपची चकती तळहातात धरली, मग त्याच्या पाठीला लावली. चरचर.

"वहिनी, आहे का आत कुणी?" ड्यूईने विचारले.

"मी नापास झाले," ओपल म्हणाली.

"तू? रात्रंदिवस आमच्या छात्या बडवून?"

"चुकीचं उत्तर दिलं."

व्हर्जिल तिच्याकडे बघत राहिला. "मग बरोबर काय होतं?"

तिने त्याच्या शर्टाची बटणे लावायला घेतली. खालून वर, एकेक. शेवटच्या बटणाशी त्याने तिचा हात धरला.

"बरं. जाऊ डॉक्टरकडे."

"भावजी, तुम्ही पण चला."

ड्यूई उठलाच. "मला शिफ्ट आहे. अन् असलं काही कागदावर आलं, की खाणीतून हाकलतात." बीन्स तसेच राहिले.

नर्सिंग पुरे केले की समारंभात मंचावर घरचे माणूस नव्या नर्सच्या कोटाला बिल्ला लावते. व्हर्जिल म्हणाला, "तुझा बिल्ला मी लावणार. दुसऱ्या कुणाला पिन धरता येत नाही आपल्यात."

योजना

तिने शिकायचे. त्याने तोवर टिकायचे.

कृती

इथे नर्सिंगच्या पुस्तकात पानेच्या पाने आहेत. ओपलच्या घरी एक नळी होती. ऑक्सिजनच्या यंत्रापासून व्हर्जिलच्या नाकापर्यंत. ती ओलांडत ओपल स्वयंपाक करी, पाठांतर करी. व्हर्जिल आरामखुर्चीतून प्रश्न विचारी आणि प्रश्नाच्या मध्येच श्वास घ्यायला थांबे. तेवढ्यात ती उत्तर देई.

"पूर्ण विचारू तर दे, बाई!"

मंचाला पायऱ्या असतात, हे त्याने कुणाकडून तरी ऐकले होते. मग तो ओसरीच्या पायऱ्यांवर सराव करू लागला. एक पायरी, थांबणे. दुसरी, थांबणे.

"एक सत्र सोडते मी," एकदा ती म्हणाली.

"सोड की. मग मी काय हवा खायला चढतोय?"

शेवटच्या वसंतात, डोंगरावर डॉगवूडची झाडे पांढरी फुललेली असताना, एका सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा तो खुर्चीत मान टाकून होता. तिने चकती तळहातात गरम केली. सवयीने. मग लावली.

त्या छातीत पहिल्यांदाच चरचर नव्हती.

मूल्यमापन

मंचावरून ओपलचे नाव पुकारल्यावर ड्यूई उठला. भावाचा कोट त्याला खांद्यात सैल होत होता. दुसऱ्या पायरीवर तो थांबला, टाय नीट करू लागला. टाय नीटच होता.

ओपलने ते पाहिले.

कोळशाचे निळे व्रण असलेल्या बोटांनी त्याने बिल्ला लावला. "टोचलं का, वहिनी?"

"नाही."

टोचले होते.

समारंभ संपल्यावर तो गाडीशी तिची वाट बघत होता. शर्टाची वरची बटणे त्याने आधीच काढली होती.

"घे. ऐक."

"आज?"

"त्यानंच बजावलं होतं. तुझा बिल्ला लागेपर्यंत माझी छाती लपवायची. म्हणाला, एका वेळी एकच ऐकू दे तिला." तो हसायला गेला आणि खोकला. "तसा मी नॉर्मल आहे म्हणा. सराव करताना तूच सांगायचीस."

ओपलने पर्समधून स्टेथोस्कोप काढला. चकती तळहातात घेतली, वर दुसरा हात ठेवला. मैदानातल्या गाड्या एकेक करून निघू लागल्या. मुली टोप्या हलवत ओरडत गेल्या.

"झालं नाही का गरम?" ड्यूईने विचारले.

चकती केव्हाच गरम झाली होती.

"थांबा जरा," ओपल म्हणाली.