काढून टाकायचा प्रश्न

खारू सतरा वर्षांची. मध्यंतरी जवळजवळ अख्खं वर्ष तिने अंथरुणात काढलं होतं. ताप नाही, खोकला नाही, पण उठवतच नव्हतं. उपचारांनी ती सावरली आणि आता मुलांच्या मनःस्वास्थ्यावर संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापकांनी तिच्यासारख्या पाच जणांना प्रश्नावली तयार करायला बोलावलं होतं.

शेवटच्या बैठकीला आईही आली होती, मागे भिंतीलगत बसली होती. प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बाकी सगळं झकास. फक्त हा प्रश्न काढू या. 'त्रास होतोय हे तुम्ही मोठ्यांना सांगितलंत, तेव्हा ते काय म्हणाले?' पालक बिथरतील. शाळा आपल्याला दारात उभं करणार नाहीत."

"सर, झोप लागते का, भूक लागते का, हे तुमचे प्रश्न. आमचा हा एकच आहे," खारू म्हणाली.

"बाळा, थोडं जमवून घ्यावं लागतं."

"मी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, नाटकं बंद कर. त्यानंतर कित्येक महिने मी तोंड उघडलं नाही. हे तुम्हाला झोपेवरून कळणार आहे?"

मागे खुर्ची करकरली. आई उठून बाहेर गेली. खारू वळली नाही.

"प्रश्न जाणार असेल तर माझंही नाव काढा."

"माझंही," शेजारी बसलेला ढापण्या मुलगा म्हणाला. मग उरलेले तिघेही. प्राध्यापकांनी हात टेकले.

जिन्यात आई उभी होती, डोळे लालबुंद.

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस."

"खरं तेच बोलले."

"अर्धंच बोललीस! नंतर तुला डॉक्टरकडे नेण्यासाठी आजीशी, आत्याशी, तुझ्या बाबांशी भांडले. ते कोण सांगणार?"

"ते विचारणारा प्रश्नच नाहीये त्यात."

"मग घाला की! चल वर."

आईने तिचं मनगट धरून तिला पुन्हा त्या खोलीत नेलं. 'नंतर कोण तुमच्या बाजूने उभं राहिलं?' हा प्रश्न आईने प्राध्यापकांसमोर बसून लिहून घ्यायला लावला.

दोन शाळांनी प्रश्नावली बघून हात जोडले. तिसऱ्या शाळेत खारू स्वतः गेली. कागद वाटून झाले तरी वर्गशिक्षिका टेबलापाशी उभ्याच होत्या. मुलांचे पेन हलेनात.

"बाई, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" खारूने विचारलं.

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. खारूनेही नजर हटवली नाही. बाई गेल्या, आणि मुलं लिहायला लागली.