मन्मथची जागा

गुंडप्पांनी आधी त्या गवताचा रागच केला होता.

लातूर नवा जिल्हा झाला, मन्मथला कलेक्टर कचेरीत नोकरी लागली, आणि गुंडप्पा-शांतम्मा मुरुड सोडून लेकाबरोबर नव्या वस्तीत आले. साहेबाच्या बंगल्यापुढची हिरवळ बघून पोरानं मुरुडच्या बांधावरची हरळी पोतंभर आणली आणि पेरं पेरं मोडून अंगणात लावायला बसला.

"माझी हयात हरळी खणण्यात गेली, अन् हा गडी पोत्यात घालून आणून राहिला!"

"अप्पा, सोमवारच्या शिवकीर्तनाला लोक काय फुफाट्यात बसवायचे?" मन्मथ हसला.

संध्याकाळी कचेरीतून आला की मांडीवर मृदंग घेऊन तो अंगणात बसायचा. जागा एकच. दोन वर्षांत अंगण हिरवं झालं. बसकराएवढी तेवढी जागा मात्र बसून बसून टकली पडली. "देवाच्या कामात झिजली," शांतम्मा कौतुकानं म्हणायची.

मागल्या ज्येष्ठात काविळीनं मन्मथ गेला. लेकरू शिवाच्या चरणी गेलं, असं तोंडानं म्हणता येतं. आतड्याला कोण समजावणार?

मग घरात एक बारीक भांडण सुरू झालं. लेकानं लावलेलं गवत जगावं म्हणून गुंडप्पा पाणी घालायचे. ते पिऊन हरळी चहूबाजूंनी त्या टकल्या जागेवर सरकायची. शांतम्मा रोज तिथं उकिडवी बसून आत आलेला एकेक फुटवा नखानं खुडायची.

"अवो, तुमचं गवत माझ्या लेकाची जागा खाऊन राहिलं."

"गवत बी त्यानंच लावलंय न्हवं?"

तिनं पुढचा फुटवा खुडला.

त्या साली पाऊस रुसला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढं. गुंडप्पांनी साबण सोडला, गवतात दगड मांडून त्यावर अंघोळ करू लागले आणि दगड रोज थोडा पुढं सरकवू लागले. मन्मथचं सांगणं त्यांच्या ध्यानात होतं: रोज शिंपडू नका अप्पा, मुळ्या वर येतात, एका जागी आठवड्यानं एकदा मुरवा, अन् उन्हाळ्यात कापू नका, गवताची सावली गवतालाच.

शेजारचे किशनराव कुंपणावरून विचारायचे, "काय अप्पा, आज कोणत्या गावात अंघोळ?"

"आज अर्धापुरात. केळीला पाणी देऊन राहिलो!"

फाल्गुनात नळच बंद झाला. टँकरच्या दोन घागरींत अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसणं. गवत पिवळं पडलं, मग तांबूस, मग मातीच्या रंगाचं. एका संध्याकाळी शांतम्मा खुडायला म्हणून गेली आणि मधेच थांबली.

"अवो, जागा कुठाय?"

सगळं अंगण एकाच रंगाचं झालं होतं. ती हातानं चाचपडत फिरली. इथं? न्हाई, अलीकडं. भोवतीच्या गवतानं ती जागा दिसत होती; गवत वाळलं तशी जागाही गेली.

"माझ्या मन्मथची जागा हरपली वो!" लेकाला माती दिल्यापासून दाबून धरलेला हंबरडा त्या दिवशी फुटला.

गुंडप्पा उंबऱ्यावर जाऊन बसले. रोज तिथंच बसून ते मृदंग ऐकायचे. डोळे मिटले, कान दिला, उठले आणि सरळ चालत येऊन वाकले. "हितं बघ. माती टणक हाय, बोटाला हरळीचं धाट लागत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून तांदूळ धुतलेलं पाणी शांतम्मा स्वतः घालू लागली, जागेच्या फक्त कडेनं. हरळी चिवट. महिन्याभरात परातीच्या काठासारखं हिरवं कडं उमटलं. मध्ये उघडी माती.

"आता तू पाणी घालतीस?" गुंडप्पांनी विचारलं.

"काठ ऱ्हायला तरच जागा ऱ्हाईल."

वर्ष भरलं त्या संध्याकाळी अंगणात शिवकीर्तन ठेवलं. आभाळ कोरडंच होतं. मृदंगवाले दगडोबा मुरुडहून यायचे होते. त्यांची बस उशिरा आली, तोवर बुवा उभे राहिले होते, टाळ वाजू लागले होते. दगडोबांना काही ठाऊक नव्हतं. मधली मोकळी जागा बघून ते घाईघाईनं तिथंच मांडी घालून बसले. टाळ अडखळले. गुंडप्पा ताडकन उठले.

"दगडोबा, जरा हिकडं..."

शांतम्मानं त्यांची बाही धरली. "बसू द्या."

"अगं, ती जागा..."

"ठाव हाय मला. अवो, किती दिवस कडा राखू? उद्या पाऊस आला की हरळी तिला गिळंल. कुणी बसलं तरच झिजंल."

दगडोबांनी थाप दिली. थाप मन्मथची नव्हती, जड होती. शांतम्मानं पदराचा बोळा तोंडाशी धरला, पण ती उठून आत गेली नाही.

कीर्तन सरलं, भस्म लावून लोक पांगले. दगडोबा धोतराची माती झटकत उठले तेव्हा ती त्यांच्यापुढं गेली.

"दादा, सोमवारी बी या. अन् हितंच बसा."