तोरोबी पाठ सोडत नाही

तोरोबीला शिव्या घालणारी पत्रं आमच्या कचेरीत पोत्यांनी यायची. 'हा राक्षस बनवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का?' असं मुलं सरळ विचारायची. सेंदाईच्या एका मुलाने त्याचं चित्र काढून त्यावर लाल खडूने फुली मारली होती आणि खाली लिहिलं होतं, 'हा जात का नाही?' ते चित्र मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. तोरोबी माझा. डोकं ठिकाणावर आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. टीव्हीच्या पडद्यावर एक बुटका नायक उजवीकडे धावत सुटतो, खड्डे ओलांडतो, भिंतींवर चढतो. तोरोबी त्याच्या मागून येतो. ओंजळीत मावेल एवढी फिकट ज्योत, तिला शेपटी आणि दोन डोळे. तुम्ही थांबलात की तो थांबतो, चाललात की चालतो, आणि शिवला की तुम्ही मेलात. तोरोबी म्हणजे आमच्याकडे मंद आच, राजमा शिजत ठेवतात तसली. नाव मीच दिलं.

कंपनी म्हणजे तोक्योत एका शेवयांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. सगळे पुरुष आणि मी. "चहा सुएको-सान करतील" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की एकदा खरंच मिठाचा चहा करून दिला. त्यानंतर जो तो आपापला चहा करू लागला. मी चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका भरून राक्षस काढायची आणि नाबेशिमा नावाचा तिरसट माणूस त्यांना चालायला लावायचा. साहेबांनी आगीचा राक्षस मागितला तेव्हा मी फार विचार केला नाही. मला एकच आग माहीत होती.

माझा भाऊ ताकुजी नऊ वर्षांचा असताना गेला. शिनशूच्या डोंगरात आमचं गाव. हिवाळ्यात बर्फ खिडक्यांच्या वर चढतो. ताकुजीच्या छातीत कफ भरला आणि खाली गावातला डॉक्टर वर पोचू शकला नाही. तो गेला त्या संध्याकाळी आईने छपरातून एक फिकट ज्योत बाहेर पडताना पाहिली. माणसाचा जीव असा बाहेर पडतो हे आमच्याकडे सगळेच मानतात. पण आईचं म्हणणं पुढचं होतं. ती ज्योत जर्दाळूच्या झाडापर्यंत गेली, तिथे घुटमळली आणि परत घरात आली.

तेव्हापासून बोनच्या सणात आई फाटकाशी भूर्जाची साल पेटवून पितरांना घरी बोलवायची, चार घरांसारखीच. सण संपला की त्यांना निरोप द्यायलाही जाळ करतात. तो मात्र तिने कधी केला नाही. सासू ओरडली, भटजी समजावून गेले, माझे वडील तर ह्याच गोष्टीवरून तिच्याशी वर्षानुवर्षं अबोला धरून मेले. आई ढिम्म. मुलाला घराबाहेर काढायला ती तयार नव्हती. मी जिवंत होते, शाळेत पहिली येत होते, पुढे तोक्योला गेले. मला निरोप द्यायला ती बस थांब्यापर्यंतही आली नाही. घर रिकामं पडेल म्हणे. ते मला लागलं आणि अजूनही लागतं.

पहिला खेळ बाजारात आला त्या शरद ऋतूत शेजारच्या कांबे-सानचा फोन आला. "सुए, तुझी म्हातारी गेल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ काढताना घसरली. तुला सांगू नको म्हणाली. मीही आता सत्तरीला आलो. या वर्षी तिला इथे ठेवशील तर उन्हाळ्यापर्यंत उरायची नाही."

मी खेळाचं यंत्र पिशवीत घातलं आणि गावी गेले. वाटलं होतं, मी काय काम करते ते दाखवीन, तिला जरा बरं वाटेल, मग हळूच तोक्योचा विषय काढीन.

आई गोधडी पांघरलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून बसली होती. आत शेगडी, वर सलगमाच्या पाल्याच्या लोणच्याचं भांडं. मी टीव्हीला वायर जोडली.

"हे तू करतेस?" तिने विचारलं. "ह्याचा पगार देतात?"

"देतात. धर हे. ह्या बटणाने चालायचं, ह्याने उडी."

तिची बोटं थंडीने फुटलेली होती, तरी तिने घट्ट धरलं. पहिल्या खड्ड्यात तीन वेळा पडली आणि प्रत्येक वेळी नायकाला "मेल्या, बघून चाल" म्हणाली. मग तोरोबी आला. तिने बटण सोडलं. नायक थांबला, मागे तोरोबीही थांबला, जागच्या जागी डुलत.

आई पडद्याकडे वाकली.

"पळ ना आई. शिवेल तो."

"शिवत नाहीये. थांबलाय."

ती दोन पावलं चालायची, थांबायची. तोही. मग चुकून तिचा अंगठा दाबला गेला, नायक धावत सुटला आणि तोरोबी पडद्याच्या कडेबाहेर गेला. आई मागे फिरली. तो नव्हता.

"कुठे गेला?"

"कुठेच नाही. कडेबाहेर गेला की पुसून टाकतो आम्ही. यंत्रात जागा कमी असते."

"परत येत नाही?"

"नाही. मागे राहिला की संपला."

विचारलं तसं उत्तर दिलं. नाबेशिमाने कुणालाही हेच सांगितलं असतं. आईने बटणं खाली ठेवली आणि लोणच्याच्या भांड्यावर झाकण घातलं.

"मग मी कशी येऊ तोक्योला?" ती म्हणाली. मी तोक्योचं नावही काढलं नव्हतं.

परत आल्यावर मी नाबेशिमाच्या मानगुटीवर बसले. दुसऱ्या खेळाचं काम चालू होतं. तोरोबी कडेबाहेर गेला तरी पुसायचा नाही, दार ओलांडलं तरी मागून आला पाहिजे, एवढंच मागणं.

"एवढंच?" नाबेशिमा म्हणाला. "जागा काय माझ्या सासऱ्याची आहे? एक राक्षस जिवंत ठेवायला मला दोन मारावे लागतील."

"मारा. वटवाघळं मारा, मीच काढलीत."

"आणि मुलं रडतील. पिच्छाच सुटणार नाही त्यांचा."

"रडू देत."

त्याने चष्मा काढून पुसला. "कुणासाठी चाललंय हे?"

मी सांगितलं. त्या आठवड्यात तो घरी गेला नाही आणि वटवाघळं गेली.

नववर्षाला मी अर्धवट तयार झालेला तो खेळ घेऊन वर चढले. बर्फ कमरेपर्यंत आला होता. आईला खोकला झाला होता. तांदळाच्या चिकट वड्यांचा, मोचीचा रस्सा खाल्ला आणि मी तिच्या हातात बटणं दिली. ह्या वेळी तोरोबी मागे राहिला, दिसेनासा झाला, आणि आई थांबली तसा कडेवरून डुलत परत आला. किल्ल्याचं दार आलं. तिने श्वास रोखून नायकाला आत नेलं. पडदा काळा झाला, उजळला, आणि मागे तोरोबी होता.

"बघ," मी म्हणाले. "कुठेही गेलीस तरी येतो. दार ओलांडून येतो. तोक्योला माझी खोली लहान आहे, पण ऊन येतं. चल ना आई. उद्याच्या बसने चल."

आई हसली. मी तिला हसताना फारसं पाहिलेलं नाही, म्हणून ते चांगलं लक्षात आहे. तिने माझ्या गालाला हात लावला. बोटं खरखरीत होती.

"हा तू माझ्यासाठी केलास," ती म्हणाली. "पहिला खरा होता."

मी रडले, भांडले, "जिवंत लेकीची तुला काही किंमत आहे का?" असंही विचारलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला पाय आहेत, सुए. तू कुठूनही येशील." दुसऱ्या दिवशी मी एकटीच बसमध्ये बसले.

फेब्रुवारीत आईच्या छातीत कफ भरला. रस्ता बंद होता. डॉक्टर ह्याही वेळी वर पोचू शकला नाही. कांबे-सान तिच्याजवळ होते. शेवटी काही बोलली का, असं मी विचारलं. "शेगडी विझू देऊ नका म्हणाली," ते म्हणाले.

आईचा पहिला बोन ऑगस्टमध्ये आला. छपराचा एक कोपरा बर्फाने खचला होता. आणखी एक हिवाळा ते घर काढणार नव्हतं आणि मी तिथे राहणार नव्हते. मी ठरवून आले होते. फाटकाशी भूर्जाची साल पेटवून दोघांना बोलावलं. वडील आले असतील तर तेही असोत. वांगं भरून पिठाच्या गोल ओयाकी वाफवल्या, देवघरात ठेवल्या, उरलेल्या एकटीने खाल्ल्या. सण संपला त्या दिवशी खोल्या झाडल्या, शेगडीतली राख काढली, दाराला कुलूप घातलं. तिन्हीसांजेला फाटकाशी पुन्हा साल रचली. ताकुजी गेल्यापासून त्या घरातला हा पहिला निरोपाचा जाळ.

साल लगेच पेटली. काळा धूर, खाली पिवळी ज्योत. हात जोडले, म्हटलं, जा आता, दोघंही जा. भटजींनी सांगितलं होतं तसंच म्हटलं. शेवटची बस खाली थांब्यावर उभी होती. कांबे-सान माझी पिशवी घेऊन पुढे निघाले.

पंधरा-वीस पावलांवर माझे पाय आपोआप वळले आणि मी घराकडे तोंड करून उलटी चालू लागले.

"हे काय करतेस?" कांबे-सान ओरडले. "पडशील! सरळ बघून चाल."

"येते," मी म्हणाले आणि तशीच एकेक पाऊल मागे टाकत राहिले. जाळ लहान होत गेला, ओंजळीएवढा झाला. मी थांबले की तोही तिथेच डुलत होता.

मग वाटेच्या वळणावरचा जुना देवदार आला. बसने भोंगा वाजवला. कांबे-सानांनी पुन्हा हाक मारली. आणखी एक पाऊल मागे गेले असते तर फाटकाशी पेटलेला जाळ झाडाआड, कडेबाहेर गेला असता.

बस गेल्याचं मला ऐकू आलं. मी तिथेच उभी होते.